घरी शिकणाऱ्या मुलांची फाईल एकदा उघडून बघा

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी, नागपूर महानगरपालिका
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, नागपूर

विषय : घरी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यासाचा आराखडा, नोंदी आणि त्यांची तपासणी

महोदय / महोदया,
सविनय नमस्कार.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. दुसरी संपल्यावर आम्ही तिला शाळेतून काढलं आणि तेव्हापासून ती घरी शिकते. तो निर्णय का घेतला हे इथे मांडत बसत नाही. प्रत्येक घराची कारणं निराळी असतात. कुणाच्या मुलाची तब्येत, कुणाच्या सततच्या बदल्या, कुणाचा शिक्षणाबद्दलचा वेगळा विचार. मला बोलायचं आहे ते निर्णयानंतरच्या कामाबद्दल. घरी शिकवायचं तर वर्षाचा आराखडा लिहावा लागतो, आठवड्याचं काम ठरवावं लागतं, काय जमलं आणि काय राहिलं हे टिपून ठेवावं लागतं. आम्ही ते करतो. पण ते बघणारं, त्यावर प्रश्न विचारणारं आणि शेरा लिहून सही करणारं सरकारी यंत्रणेत कोणी नाही. ही जबाबदारी कोणाकडे तरी द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आधी कायद्याचं बोलते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १० नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. ते न केल्यास पालकाला शिक्षा या कायद्यात नाही, आणि घरी नीट शिकणाऱ्या सर्वसाधारण मुलाचं काय करायचं याचंही उत्तर त्यात नाही. कलम वाचलेलं नाही असं कोणी समजू नये म्हणून हे आधीच लिहिते. पण त्याच कायद्याचं कलम ९ स्थानिक प्राधिकरणाला, म्हणजे शहरात महानगरपालिकेला, आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे अभिलेख ठेवायला सांगतं. हद्दीत राहणाऱ्या, पटावर असलेल्या नव्हे. माझी मुलगी तुमच्या हद्दीत राहते. तिचा अभिलेख तुमच्याकडे असायला हवा आणि तो खरा असायला हवा.

तो आज खरा नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी एक शिक्षक आमच्याकडे आले होते. ऊन मी म्हणत होतं, हातात छापील तक्ते. "ताई, मुलगी कोणत्या शाळेत?" घरी शिकते म्हटल्यावर ते थबकले. मी फाईल आणून दिली. पाणी पिऊन होईस्तोवर ते पानं उलटत होते, मग मुलीला जवळ बोलावून अपूर्णांकांची दोन उदाहरणं घातली. तिने ती केली. तेव्हा ते म्हणाले, "अभ्यास तर चांगला चालून राहिला, पण माझ्याकडे रकाने दोनच आहेत." एक कधीच शाळेत न गेलेल्या मुलांचा, दुसरा मधेच सोडलेल्या किंवा अनियमित मुलांचा. त्यांनी दुसऱ्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. त्या गुरुजींकडे दुसरा इलाजच नव्हता.

या रकान्याबद्दल मला जे वाटतं ते आमच्या सोयीपुरतं नाही. नागपूरच्या आसपास वीटभट्ट्या आहेत, शहरात बांधकामांच्या साईटवर पत्र्याच्या खोल्यांतून राहणारी कुटुंबं आहेत. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर घर सांभाळणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुली आहेत. 'शाळाबाह्य' हा रकाना त्यांच्यासाठी आहे. ४ जुलै २०१५ ला राज्यभर जे सर्वेक्षण झालं, २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' राबवलं गेलं, ते या मुलांना शोधायला. त्याच यादीत माझ्या मुलीचं नाव घातलं तर दोन नुकसानं होतात. एक तर तिच्या मागे लागण्यात बालरक्षकाचा, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शोधून शाळेत आणणाऱ्या शिक्षकाचा, वेळ जातो, जो त्या वीटभट्टीवरच्या मुलीला मिळायला हवा. दुसरं अधिक गंभीर आहे : उद्या कोणीही मुलीला घरकामाला जुंपून "ती घरीच शिकते" असं सांगू शकतं. आज तुमच्याकडे हे खरं की खोटं ठरवायचं साधन नाही. लेखी आराखडा आणि नोंदी हे ते साधन आहे. ज्याच्या घरात मूल खरंच शिकतंय त्याला फाईल दाखवायला अडचण नसावी, आणि ज्याच्याकडे दाखवायला काहीच नाही त्याच्या घरी तुम्ही जरूर जावं. हे मी घरी शिकवणारी पालक म्हणून लिहिते आहे. आमच्यापैकी काहींना सरकारने यात डोकावूच नये असं वाटतं. मला ते पटत नाही. शिक्षण मुलाचा हक्क आहे, आईबापाची खाजगी बाब नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे तपासायचं कसं? आमच्या शिक्षकांना याचं प्रशिक्षण नाही. माझं म्हणणं असं की तुमच्या विभागाला हे काम चांगलं येतं, फक्त ते वेगवेगळ्या कपाटांत विखुरलं आहे.

२०१२ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग व तीव्र दिव्यांग मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय मिळाला. म्हणजे घर ही शिकण्याची जागा असू शकते हे कायद्याने एका गटापुरतं मान्य केलं आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक या मुलांच्या घरी जातात, मुलागणिक वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करतात : मूल आज कुठे आहे, सहा महिन्यांत कुठवर न्यायचं, त्यासाठी कोण काय करणार, प्रगती कशी मोजणार. हाच तर घरच्या शिक्षणाचा आराखडा. वेगळं काही शोधून काढायची गरज नाही.

नोंदींचंही तसंच. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभर मुलाची सर्व बाजूंनी प्रगती बघत राहणं, आलं. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही आकारिक, म्हणजे शिकता-शिकता करायच्या, मूल्यमापनाची साधनं प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ आहेत. वर्णनात्मक नोंदी लिहून लिहून ते कंटाळलेही आहेत, हे मला ठाऊक आहे; साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाची वेगळी नोंद लिहायची म्हणजे बहुतेक वेळा ठरावीक वाक्यं फिरवून लिहावी लागतात. पण जिथे मूल एकच आहे तिथे ही पद्धत फार उत्तम चालते. मी तीच वापरते.

कशी, ते दाखवते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, आमचं वर्षही तिथूनच सुरू होतं. त्याआधी मी बालभारतीची त्या इयत्तेची पुस्तकं काढून बसते. ती ई-बालभारतीवर फुकट मिळतात आणि त्यांत सुरुवातीलाच अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या वर्षी मुलाला काय काय यायला हवं ते, छापलेल्या असतात. त्या एका खाली एक उतरवायच्या आणि प्रत्येकीसमोर तीन गोष्टी लिहायच्या : कशातून शिकवणार, साधारण कोणत्या महिन्यात, आणि आलं हे कशावरून ठरवणार. तिसरी गोष्ट लिहिताना सगळ्यात जास्त विचार करावा लागतो. 'दशांश अपूर्णांकांचा गुणाकार येतो' असं नुसतं लिहून भागत नाही; कोणतं काम तिने केलं म्हणजे ते आलं असं मी म्हणेन, हे आधीच ठरवावं लागतं.

मग आठवड्याचं पान. डावीकडे ठरलेलं, उजवीकडे झालेलं. उजवी बाजू रविवारी संध्याकाळी भरायची, तीही मुलीला शेजारी बसवून. ताप आला, पाहुणे आले, मन लागलं नाही, तर तसं लिहायचं आणि जागा कोरी ठेवायची. दोन रकाने हुबेहूब जुळणारी फाईल कोणी दाखवली तर तुमच्या अधिकाऱ्याने तिच्याकडे जरा संशयाने बघावं, असं मी सुचवेन. कोणत्याही घरात वर्षभर सगळं ठरल्यासारखं होत नाही.

आणि पुरावे. इथे एक पान तपशिलात सांगते. आम्ही झिरो माईलला, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जमीनमोजणीच्या नागपुरातल्या खुणेच्या जागी, गेलो होतो. तिथल्या दगडी खांबावर गावांची नावं आणि मैलांत अंतरं कोरलेली आहेत, ती तिने वहीत उतरवून घेतली. शेजारच्या मोजणीच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत आहे, १०२०.१७१. घरी येऊन तिने त्याचे मीटर करायला घेतले. ०.३०४८ ने गुणायचं होतं. चौकटीच्या कागदावर लांबलचक गुणाकार मांडला आणि उत्तर काढलं ३१०९.४८. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आई, कळसूबाई तर १६४६ मीटर आहे. मग नागपूर तिच्याहून उंच कसं?" परत मांडलं, दशांश चिन्ह एक घर मागे आलं, ३१०.९४८. फाईलमध्ये दोन्ही कागद आहेत, चुकलेला आणि बरोबर, तारखेसह. त्याखाली माझी नोंद अशी : 'स्थानमूल्याची चूक स्वतः ओळखली. ताळा घ्यायला माहीत असलेली दुसरी उंची वापरली. अंदाज बांधण्याची सवय लागते आहे. दशांश चिन्हानंतर तीनपेक्षा जास्त अंक आले की गोंधळ होतो, सराव हवा.' नुसत्या गुणांच्या आकड्यावरून यातलं काहीच कळलं नसतं.

तिथून पुढे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा विषय निघाला. ते काम सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. हे कळल्यावर तिने नकाशावर हिंगणघाट शोधून काढलं आणि देशभर त्रिकोण मांडत मोजणी कशी झाली असेल हे कंपासपेटी घेऊन करून पाहिलं. एका खांबाभोवती गणित, भूगोल, इतिहास आणि भूमिती आली. पण आराखड्यात मी ती त्या-त्या निष्पत्तीसमोर वेगवेगळी नोंदली आहे, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला विषयवार बघायचं असतं आणि त्यांचं ते बरोबरच आहे.

मराठी लेखनाचे नमुने मी वेगळ्या पद्धतीने ठेवते. दरवर्षी तान्ह्या पोळ्याला ती त्या दिवसावर एक पान लिहिते. मी त्याला हात लावत नाही, शुद्धलेखनही दुरुस्त करत नाही. ही पानं शेजारी-शेजारी ठेवली की वाढ दिसते. आधीच्या पानावर वाक्यं 'आणि', 'आणि' करत एकमेकांना जोडलेली. अलीकडच्या पानावर लाकडी बैलाची चाकं कशी निघाली, ती कोणी बसवली, आणि भाव करताना आजोबा काय म्हणाले, हे संवादासह. कोणत्याही मुख्याध्यापकांना ही पानं दिली तर पाच मिनिटांत ते सांगतील की मूल पुढे गेलं की नाही.

सोबत वाचलेल्या पुस्तकांची यादी आहे, बाहेर ज्यांच्याकडे ती तबला आणि पोहणं शिकते त्यांचे दोन-दोन ओळींचे अभिप्राय आहेत. रमण विज्ञान केंद्र आणि अजब बंगला (इथलं वस्तुसंग्रहालय) इथल्या भेटींची तिने काढलेली टिपणं आहेत. फोटो मी मुद्दाम कमी ठेवते. फोटोवरून मूल तिथे गेलं होतं इतकंच कळतं.

हे सगळं असूनही गाडं कुठे अडतं ते सांगते. पुढची वाट तशी मोकळी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीच्या स्तराला नाव घालता येतं, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. तिच्याच मुक्त बेसिक शिक्षणाचे अ, ब, क स्तर तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे आहेत. राज्यानेही मुक्त विद्यालय मंडळ काढलं आहे. पण हे सगळे परीक्षेचे टप्पे. दोन टप्प्यांच्या मधल्या वर्षांत मूल काय करत होतं याला अधिकृत कागद नाही, आणि शाळेत परत यायची वेळ आली की तोच कागद मागितला जातो.

आमच्या ओळखीतला एक मुलगा दुसरीनंतर घरी शिकत होता. वडिलांची नोकरी बदलली, आईला कामावर जावं लागलं, तेव्हा त्याला शाळेत घालायचं ठरलं. वयाने तो सहावीचा. शाळेने शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, त्यावर दुसरी उत्तीर्ण होतं. फाईल उघडलीही नाही. "तिसरीत बसवा, नाहीतर दुसरीकडे बघा." कलम ४ स्पष्ट सांगतं की अशा मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे पडत असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं. ते कलम त्या पालकांना माहीत नव्हतं, शाळेला माहीत होतं की नाही कोण जाणे. तो मुलगा कितीतरी दिवस रडत होता. तिसरीतल्या मुलांच्या बाकावर बसायची कल्पनाच त्याला सहन होईना. एका केंद्रप्रमुखाची, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची, सही असलेला एक कागद त्याच्याजवळ असता तर हे झालं नसतं.

म्हणून मागणं असं. सर्वेक्षणाच्या तक्त्यात घरी शिकणाऱ्या मुलांसाठी तिसरा रकाना घाला. तो तुमच्या पातळीवर घालता येत नसेल तर शिफारस वर पाठवा, पण तोवर शेऱ्याच्या जागी तसं लिहायची सूचना शिक्षकांना द्या. ज्या पालकांनी नाव नोंदवलं त्यांच्याकडून जूनअखेर वर्षाचा आराखडा घ्या आणि त्याची पोच द्या. दिवाळीनंतर एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा शाळा निरीक्षक किंवा केंद्रप्रमुखांनी फाईल बघावी, मुलाशी पालकाला बाजूला बसवून बोलावं आणि एका पानावर शेरा लिहावा : काय चांगलं आहे, काय कच्चं आहे, पुढच्या वेळी काय दाखवायचं. पालकांनी तो शेरा फाईलमध्ये लावावा. मूल शाळेत परत आलं तर कलम ४ खाली वर्ग ठरवताना मुख्याध्यापकांनी तो बघावा. लागोपाठ दोन शेरे असमाधानकारक असतील तर मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करायला सांगा. ही अट मला मान्य आहे आणि ती असायलाच हवी.

जमलं तर आणखी एक. जवळच्या महापालिका शाळेत संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) चाचणीच्या वेळी या मुलांना बसू द्या, आरोग्य तपासणीला बोलवा, शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकं न्यायला द्या. मुलाला दुसऱ्या मुलांत मिसळायला मिळत नाही ही तुमची नेहमीची हरकत आहे आणि ती बिनबुडाची नाही. तिच्यावरचा उपाय तुमच्याच शाळेच्या दारात आहे.

केंद्रप्रमुखांवर आधीच कामाचा केवढा बोजा आहे, पदं किती रिकामी आहेत, हे आम्हालाही दिसतं. पण घरी शिकणारी मुलं एका केंद्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नसतील. आणि नीट लावलेली फाईल वाचायला वेळ लागत नाही. त्यासाठी तुमच्या विभागाने एका पानाचा नमुना दिला तर पालकांनाही बरं : कोणी चारशे पानं आणून टाकणार नाही, कोणी दोन प्रमाणपत्रांवर भागवणार नाही.

हे सुचवायला नागपूरइतकी योग्य जागा नाही असं मला मनापासून वाटतं. इथून सेवाग्राम फार लांब नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिक्षण मांडलं, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम लिहिला. त्या अभ्यासक्रमाशी सगळ्यांचं पटावं असं नाही. पण चरख्यावरच्या कामातून गणित येतं असं नुसतं म्हणून ती मंडळी थांबली नाहीत. कोणत्या कामातून कोणता विषय, कोणत्या इयत्तेत, हे त्यांनी कागदावर बसवलं. आम्हीही घरोघरी तेच करतो आहोत, आणि ते तपासायला तुमच्याकडे आणतो आहोत.

आमच्या परिसरातल्या घरी शिकवणाऱ्या काही पालकांशी बोलूनच मी हे लिहिलं आहे. आपण वेळ दिलात तर नमुना म्हणून आम्ही तीन फाईली घेऊन येऊ : एक प्राथमिक वर्गाची, एक सहावीच्या पातळीची आणि एक अशा मुलाची ज्याला वाचनात अडचण आहे. त्या तिसऱ्या फाईलमध्ये वर्ष अर्धं झालं तरी झालेल्या रकान्यात बऱ्याच जागा कोऱ्या आहेत. त्या तशाच ठेवल्या आहेत, त्यावर आम्हाला तुमच्या विशेष शिक्षकांचा सल्ला हवा आहे. मुलंही सोबत येतील. प्रश्न त्यांनाच विचारा. यंदाच्या शाळा उघडायच्या आत ही भेट झाली तर येत्या वर्षाचे आराखडे तुमच्या सूचनांप्रमाणे लिहिता येतील.

कळावे,
आपली विश्वासू,
एक पालक, नागपूर